शेवटच्या कडव्यातलं नाव



सोयाबीनची सोंगणी चालू आहे. कुठं सीतादही होऊन कापसाची पहिली वेचणीही लागली आहे. अशा दिवसांत संध्याकाळी रेडिओपाशी निवांत बसायला मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा हातातलं काम टाकू नका, भाकरी थापता थापता ऐका. आज कर्जाचं, हप्त्याचं, शेळीपालनाचं काही सांगायचं नाही. आज एका गाणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. हा माणूस गाणी स्वतः रचायचा, स्वतः म्हणायचा आणि साथीला वाद्यही स्वतःच वाजवायचा. आपल्याच मातीतला, यावलीचा. तुकडोजी महाराज.

त्यांना आपण राष्ट्रसंत म्हणतो. संत म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात आणि एकदा हात जोडले की आपण काही विचारत नाही. आज थोडं विचारू. गाणी करणं हे एक काम आहे, गोधडी शिवण्यासारखं, घागर घडवण्यासारखं. ते काम या माणसानं कसं केलं? तिसरी-चौथी शिकलेल्या पोराची गाणी गावोगावच्या लोकांच्या तोंडी कशी बसली? आणि आपण गटातल्या बाया जी गाणी करतो, त्यांचं काय होतं?

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला त्यांचा जन्म झाला. वडील बंडोजी इंगळे कपडे शिवायचे. आई मंजुळाबाई. पोराचं नाव ठेवलं माणिक. घरात गरिबी. चांदूर बाजार आणि वरखेडला थोडी शाळा झाली, तिसरी-चौथीपर्यंत, मग सुटली. शाळा सुटणं म्हणजे काय ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना सांगायला नको. पण भजनाला शाळेचा दाखला लागत नाही. आपल्या वऱ्हाडात तेव्हा गावोगाव रात्री मारुतीच्या पारावर भजन चालायचं. ज्याला कान आहे तो शिकायचा.

वरखेडला आडकोजी महाराज होते. माणिकनं त्यांना गुरू मानलं. त्यांनीच या पोराचं नाव तुकड्या ठेवलं. आम्हाला या नावाची मोठी गंमत वाटते. माणिक म्हणजे रत्न. आईबापानं हौसेनं ठेवलेलं नाव. आणि तुकड्या म्हणजे काय, तर भाकरीचा तुकडा! दुसऱ्या कुणाला हे नाव झाकून ठेवावंसं वाटलं असतं. यांनी ते आयुष्यभर आपल्या गाण्यांमध्ये घातलं. मराठीत ‘तुकड्या म्हणे’, हिंदीत ‘तुकड्यादास’. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते येतं.

याला नाममुद्रा म्हणतात. दस्तावर सही असते, नाहीतर अंगठा असतो. तशी ही गाण्यावरची सही. ज्ञानदेवांनी केली, नामदेवांनी केली, तुकोबांनी केली. जनाबाईनं केली ती ‘नामयाची दासी’ म्हणून. म्हणजे नाव घातलं तेही दुसऱ्याच्या नावाला लावून. तरी घातलं म्हणून आज सात शतकांनी आपल्याला माहीत आहे की ही गाणी एका दळणकांडण करणाऱ्या बाईनं केली. नाहीतर ती कुणाची ठरली असती, कोण सांगणार?

आता आपली सवय बघा. गटाच्या बैठकीत आपण महाराजांचं भजन घेतो. धृपद म्हणतो, एक कडवं, फार तर दोन. मग कुणीतरी म्हणते, चला, उशीर होतो, बचत गोळा करा. शेवटचं कडवं राहूनच जातं, आणि नाव असतं त्याच कडव्यात. आम्ही काही गटांमध्ये सहज विचारलं, आत्ता म्हटलं ते भजन कुणाचं? ‘जुनं भजन आहे, आमची आई म्हणायची,’ असं उत्तर आलं. जो माणूस सही करून गेला, त्याचीही सही आपण न वाचता सोडतो. ज्या बायांनी सहीच केली नाही, त्यांचं तर विचारूच नका. हे मनात ठेवा, आपण इथं परत येऊ.

आधी खंजिरीचं सांगू द्या, कारण खंजिरीशिवाय हा माणूस समजत नाही.

खंजिरी म्हणजे लाकडाचं गोल कडं. एका अंगाला कातडं ताणलेलं, आणि कड्याला खाचा पाडून त्यात पातळ झांजांच्या जोड्या बसवलेल्या. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी, तळव्यानं वाजवायची. पेटी न्यायची तर बैलगाडी पाहिजे. तबल्याला वाजवणारा वेगळा पाहिजे, त्याचं मानधन पाहिजे, त्याचा रुसवा काढायला माणूस पाहिजे. खंजिरी झोळीत मावते. पायी चालणाऱ्या माणसाचं हे वाद्य आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या हातात खंजिरी, त्याच्याच हातात ठेका. म्हणजे गाणारा पाहिजे तिथं थांबू शकतो. गाणं म्हणता म्हणता थांबायचं, लोकांशी दोन शब्द बोलायचे, दारूवर, हुंड्यावर, शिवाशिवीवर, आणि लोक चुळबुळ करायच्या आत पुन्हा थाप मारून धृपद उचलायचं. वाद्य दुसऱ्याच्या हाती असतं तर हे इतक्या सहज जमलं नसतं. ज्यांनी कधी ग्रामसभेत माईकवर बोलून पाहिलं आहे त्यांना कळेल. नुसतं बोललं की लोक तंबाखू मळायला लागतात. गाण्याच्या मधे आलेलं बोलणं मात्र ऐकून घेतात, कारण पुढचं कडवं ऐकायचं असतं.

गाण्याची बांधणीही बघण्यासारखी आहे. धृपद आखूड. एका दमात म्हणता येईल एवढं. पुढचा म्हणतो, मागचे उचलतात, मग समोर बसलेले उचलतात. तिसऱ्या फेरीला गाणं नवं राहत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते तोंडपाठ होऊन घरी नेता येतं, आणि घरी नेलं की दुसऱ्या दिवशी निंदणाला, डवऱ्यामागे ते निघतंच. शब्द आपल्या घरातले, वावरातले. अर्थ विचारायला बुवाकडे जावं लागत नाही. आम्हाला वाटतं, हे सोपं लिहिणं सोपं नसतं. आमच्यातल्या दोघी-तिघींनी गटासाठी गाणं लिहायला घेतलं तेव्हा ‘आर्थिक सक्षमीकरण’ हा शब्द कशातच बसेना. शेवटी तो काढून ‘आपला पैसा आपल्या हाती’ असं केलं, तेव्हा कुठं चाल धरली.

त्यांनी मराठीत लिहिलं तसं हिंदीतही भरपूर लिहिलं. तरुण पोरी विचारतात, वऱ्हाडातल्या माणसाला हिंदीचं काय पडलं होतं? तर बायांनो, तेव्हा आपला भाग मुंबईकडे नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाड असा एकच प्रांत होता, राजधानी नागपूर. एका बाजूला मराठी बोलणारे, दुसऱ्या बाजूला हिंदी बोलणारे. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, तोवर असंच चाललं. मोर्शीच्या पुढे सालबर्डी ओलांडली की भाषा बदलते, हे तिकडच्या बायांना आजही ठाऊक आहे. गाणाऱ्याला दोन्हीकडची माणसं आपली वाटत होती, म्हणून गाणीही दोन्ही भाषांत झाली.

झोपडीवरचं त्यांचं भजन तुमच्यातल्या पुष्कळ जणींना पाठ असेल. राजाच्या महालातलं सुख एकीकडे ठेवायचं, झोपडीतलं समाधान दुसरीकडे, आणि झोपडीचं पारडं जड करून दाखवायचं. चाल अशी की ऐकता ऐकता मान डोलते. आता खरं बोलायचं तर या गाण्यावर आमचं थोडं भांडण आहे. गळक्या छपराखाली लेकराला कुशीत घेऊन पावसाळा काढलेल्या बाईला झोपडी गोड आहे असं सांगितलेलं पटत नाही. घरकुलाच्या यादीत नाव लागलं की आपण पेढे वाटतो, ते काही उगाच नाही. पण तेच गाणं गरीब माणसाला मान वर करायलाही लावतं. तुझ्या घरात कमी असेल, तू कमी नाहीस, असं ते म्हणतं. ज्या काळात मोठ्या वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या, त्या काळात हे भर लोकांत म्हणणं लहान गोष्ट नव्हती. म्हणून भांडण असलं तरी आम्ही ते गातो.

तरुणपणी ते रानावनांत राहिले, सालबर्डी, रामटेक, रामदिघीच्या बाजूला. मग गावोगाव भजनं सुरू झाली. १९३५ ला सालबर्डीला त्यांनी महायज्ञ केला, त्याला लाखोंनी लोक आले. त्या काळात मोबाइल नाही, गावाला धड रस्ता नाही. एवढी माणसं कशी आली असतील? भजनातून निरोप जात होता, दुसरं काय! त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. अमरावतीहून नागपूरला जाताना तिवसा तालुक्यात लागतो तोच. पुढच्या वर्षी, १९३६ ला, गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं. तिथं ते साधारण महिनाभर राहिले. त्यानंतर त्यांच्या भजनांमध्ये देशाचं दुःख जास्त यायला लागलं.

आणि मग १९४२ साल आलं. चले जाव. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आष्टीला आणि चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरला लोक उठले. चिमूरला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी. गोळीबार झाला, माणसं मेली, नंतर गावावर फार अत्याचार झाले. आष्टी आणि चिमूरच्या लोकांना चेतवण्यात तुकडोजी महाराजांच्या भजनांचा वाटा होता, असं इतिहासात लिहिलेलं आहे. सरकारलाही ते कळलं होतं. ऑगस्ट संपायच्या आत त्यांना पकडलं. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ते सुमारे शंभर दिवस होते.

आम्ही यावर खूपदा विचार करतो. एका माणसाच्या हातात खंजिरी आहे. बंदूक नाही, पक्ष नाही, पैसा नाही. त्याला सरकारनं का घाबरावं? पत्रक छापलं तर जप्त करता येतं. सभा भरवली तर बंद करता येते. पण तोंडपाठ झालेलं गाणं कसं जप्त करणार? कोणत्या पेटीत, कोणत्या कणगीत शोधणार? माणसाला कोंडलं, पण गाणी बाहेरच राहिली. ती चुलीपाशी होती, विहिरीवर होती. म्हणजे जिथं आपण होतो तिथं.

तुरुंगातून सुटल्यावर १९४३ ला त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं काम उभं केलं, ‘श्रीगुरुदेव’ नावाचं मासिक काढलं. गावोगाव मंडळाच्या शाखा झाल्या. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, सकाळी गावसफाई. भजन झालं की लोकांना नुसतं घरी पाठवायचं नाही, हाताला काम द्यायचं. आपल्या गटाची साप्ताहिक बैठक बघितली की आम्हाला त्या शाखांची आठवण येते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, गोल करून बसणं, सुरुवातीला गाणं. आपल्या पुष्कळ गटांत ही पद्धत कुणी शिकवली नाही. ती गावात आधीच मुरलेली होती.

भजनांची पुस्तकंही निघाली. ‘लहर की बरखा’ हे हिंदी भजनांचं. हे महत्त्वाचं आहे, कारण गाणी नुसत्या तोंडावर राहिली नाहीत, कागदावर आली. आणि मग ‘ग्रामगीता’. १९५५. एकेचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या. देवळापासून उकिरड्यापर्यंत गावाचं सगळं त्यात आहे. ग्राम-आरोग्य आहे, ग्रामशुद्धी आहे. एवढा मोठा ग्रंथ त्यांनी ओवीत लिहिला. ओवी म्हणजे आपली, जात्यावरची! ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी मोजून पाहिली तर अगदी एकसारखी नाही, पण दोघी बहिणी आहेत. म्हाताऱ्या बायांना ग्रामगीता ऐकायला जड जात नाही, त्याचं एक कारण आम्हाला हेच वाटतं.

ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ नावाचा एक वेगळा अध्याय आहे. बाईला शिकवा, तिला बरोबरीनं वागवा, हे त्यात साफ सांगितलं आहे. १९५५ साली, आणि तेही गावातल्या पुरुषांना बसवून. आज वाचताना आम्हाला त्यात घर चालवणारी, लेकरं घडवणारी आईच जास्त दिसते. स्वतःच्या नावावर वावर असलेली, स्वतःच्या खात्यातून पैसे काढणारी बाई कमी दिसते. तो काळच तसा होता. पण त्या अध्यायाचं वाचन ज्या गावात मोठ्यानं झालं, त्या गावात सुनेला शाळेत पाठवायचं म्हणणाऱ्या सासऱ्याला एक आधार मिळाला. पोथीतच लिहिलं आहे, असं त्याला म्हणता आलं.

त्यांची पुढची कीर्ती तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. १९५५ ला ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. १९६२ आणि १९६५ च्या लढायांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांसमोर भजनं म्हटली. पुढे २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. तिसरी-चौथी शिकलेल्या माणसाचं नाव आज हजारो पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर असतं.

११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला ते गेले. कॅन्सर झाला होता. दुपारचे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. तिथी अश्विन वद्य पंचमी. अजून दरवर्षी त्या तिथीला गुरुकुंजाला लाखोंची गर्दी असते, आणि चार अठ्ठावन्नला सगळे जिथल्या तिथं गप्प उभे राहतात. आमच्यातल्या ज्या जाऊन आल्या त्या सांगतात, एवढ्या माणसांच्या गर्दीत लेकराचं रडणं आणि झाडावरचं पाखरू तेवढं ऐकू येतं. जन्मभर गाणाऱ्या माणसाची आठवण लोक गप्प राहून करतात.

आता बायांकडे वळू.

महाराजांची भजनं बायांनी पहिल्यापासून ऐकली. पण खंजिरी पुरुषांच्या हातात आणि बाया मागे, लेकराला मांडीवर घेऊन, हे चित्र पुष्कळ वर्षं होतं. आज तसं नाही. अमरावती-अकोल्याकडे बायांची खंजिरी भजन मंडळं आहेत, एकसारख्या साड्या नेसून त्या स्पर्धेला जातात, बक्षीस आणतात. सुरुवातीला नाक मुरडणारे होतेच. ‘आता बाया बी खंजिरी ठोकतीन का?’ असं आम्ही स्वतः ऐकलं आहे. खंजिरी ठोकणाऱ्या त्या बायांनी काही वाद घातला नाही. वाजवत राहिल्या. आता तेच लोक सप्ताहाला त्यांना सुपारी देतात.

पण त्या गातात ती गाणी दुसऱ्याची. आणि आपल्या बाया स्वतः जी करतात ती गाणी?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात त्यांनी गाणी केली. मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या एका पोरानं ती लिहून ठेवली होती. १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर आचार्य अत्र्यांनी ती वही बघितली आणि १९५२ ला पुस्तक निघालं. ती वही नसती तर? आपले गाडगेबाबाही लिहायला शिकलेले नव्हते. जन्मभर कीर्तनं केली, हजारो. १९५६ ला, जायच्या थोडेच दिवस आधी, मुंबईला वांद्र्याला झालेलं एक कीर्तन कुणीतरी यंत्रावर भरून घेतलं, म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. एवढ्या कीर्तनांतलं एक!

मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मधल्या खारपाणपट्ट्यात आमचे गट आहेत. त्यातल्या एका गावात एक आजी आहे. वय सत्तरीच्या पुढे. लिहिता येत नाही, गटाच्या रजिस्टरवर अंगठा करते. तिला गाणी होतात. आम्ही मुद्दाम ‘होतात’ म्हणतो, कारण ती स्वतः तसंच म्हणते. हळदीची गाणी आहेत, खाऱ्या पाण्यावर एक आहे, आणि पासबुकावर एक आहे, ते ऐकून हसून पोट दुखतं.

काही वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या कास्तकारानं औषध घेतलं. त्याची बायको आमच्या गटात होती. दिवस झाल्यावर ती बैठकीला यायला लागली, पण एक शब्द बोलायची नाही. बचतीचे पैसे पुढे करायची आणि खाली मान घालून बसायची. तीन-चार महिने असेच गेले. आम्ही समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेल्या बाया, आम्हाला तिला बोलतं करता आलं नाही. एका बैठकीत आजीनं गाणं घेतलं. नवीन होतं. त्यात मेलेल्या माणसाला दूषण नव्हतं, आणि ‘रडू नको’ असंही नव्हतं. त्याच्या हातच्या वस्तू एकेक करून आल्या होत्या, डवरा, दोर, डोक्याचा शेला. आणि प्रत्येक कडव्यानंतर, आता हे कोण उचलते, असा प्रश्न. दुसऱ्या फेरीला सगळ्या म्हणायला लागल्या. चौथ्या कडव्याला ती बाई म्हणायला लागली. गाणं झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली ते एवढंच, ‘डवरा मीच उचलतो.’ पुढच्या खरिपाला तिनं गटाचं कर्ज घेऊन तूर पेरली.

ते गाणं गावाबाहेर गेलं. ग्रामसंघाच्या सभेतून दुसऱ्या गावाला, तिथून अकोट बाजूला. शब्द बदलले, एक कडवं गळालं, एक कुणीतरी घातलं. मागच्या उन्हाळ्यात दूरच्या एका मेळाव्यात बाया ते म्हणत होत्या. आम्ही विचारलं, कुणाचं आहे? ‘जुनं गाणं आहे,’ त्या म्हणाल्या. जुनं! करणारी बाई जिवंत आहे, तिचे दात पडले पण गळा शाबूत आहे, आणि गाणं मात्र बेवारस झालं.

आम्ही बचतीच्या एकेका रुपयाची नोंद ठेवतो. पंचसूत्रीत नोंदी हे एक सूत्रच आहे. तेव्हा आम्ही ठरवलं, गटाच्या रजिस्टरला मागून चार पानं गाण्यांची करायची. आजी सांगेल, सचिव लिहील. पानं भरली. मग विषय निघाला नावाचा. आम्ही तिला म्हटलं, आजी, शेवटच्या कडव्यात तुमचं नाव घाला, महाराज घालत होते तसं. ती लाजली. ‘माह्या नावानं काय व्हते माय? गानं मोठं का नाव मोठं?’ गटातल्याच एकीनं तिला सांगितलं, महाराजांनी तर तुकडा असं नाव घातलं, तुमचं त्याहून बरं आहे. सगळ्या हसल्या. विषय तिथंच राहिला.

महिना गेला. पुढच्या बैठकीला आजी म्हणाली, कडवं झालं आहे, पण एक अडचण आहे. तिला दोन नावं. माहेरचं एक, आणि लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं एक. आपल्याकडे ही रीतच होती. पन्नास-पंचावन्न वर्षं ती सासरच्या नावानं आहे. आधार कार्डावर तेच, रजिस्टरवर तेच, सगळं गाव तिला त्याच नावानं ओळखतं. आणि माहेरचं नाव म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. भाऊही मागच्या साली गेला. कोणतं घालू, असं तिनं आम्हाला विचारलं. आम्ही काही सांगितलं नाही. आमच्यात दोन मतं होती. हिशेबाला सरळ म्हणून काही जणींना सासरचंच बरं वाटत होतं.

तिनं माहेरचं घातलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा गटातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, ही कोण? तिच्या सुनेलाही ते नाव माहीत नव्हतं.

ते नाव आम्ही आत्ता सांगत नाही. मागच्या गुरुवारी आजी आपल्या रेडिओच्या खोलीत आली होती. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, तर म्हणाली, असू द्या, वावरात कुठं पंखा असते. ते गाणं भरून घेतलं आहे, आणि हे भाषण संपलं की लगेच लागणार आहे. सहा कडवी आहेत. साथीला गटातलीच एक जण खंजिरी वाजवते आहे. तिसऱ्या कडव्याला आजीला खोकला आला आहे, तो आम्ही काढलेला नाही.

तुमच्या गटात असं कुणी असेल तर रजिस्टरची मागची पानं घेऊन दर गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळेत या. बरोबर रिकाम्या हातानं आलात तरी चालेल, खंजिरी इथं आहे. आणि भाकरी झाल्या असल्या तरी रेडिओ आत्ताच बंद करू नका, सहाव्या कडव्यापर्यंत थांबा.